अल्वा मिर्दाल आणि मातृत्वाचा हिशेब

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिर्दाल हे नाव परिचित असते ते गुन्नार मिर्दाल यांच्यामुळे. 'एशियन ड्रामा' हा त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ समग्र वाचलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. परंतु त्यातील 'सॉफ्ट स्टेट' ही संज्ञा आपल्या विद्यापीठांच्या उत्तरपत्रिकांतून कित्येक वर्षे सुखेनैव संचार करीत आली आहे. हा ग्रंथ निर्माण होण्याचे एक कारण मात्र उत्तरपत्रिकांत सहसा येत नाही. ते असे की, गुन्नार यांच्या पत्नीची नेमणूक स्वीडनच्या राजदूत म्हणून दिल्लीस झाली होती. अल्वा मिर्दाल १९५५ पासून १९६१ पर्यंत त्या पदावर होत्या आणि दक्षिण आशियातील दारिद्र्याच्या त्या विशाल अभ्यासाचा पाया त्या काळातच घातला गेला. पुढे १९७४ मध्ये गुन्नार यांना हायेक यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे आणि १९८२ मध्ये अल्वाबाईंना मेक्सिकोच्या आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्याबरोबर शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पतीला आणि पत्नीला वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या विषयांत आणि स्वतंत्र कर्तृत्वासाठी हा सन्मान लाभल्याचे ते पहिलेच उदाहरण होय.

ऐंशी वर्षांच्या आईच्या गौरवाचे ते वर्ष होते. मुले मोठी झालेली, आपापल्या क्षेत्रांत नावारूपाला आलेली. थोरला यान लेखक म्हणून स्वीडनबाहेरही माहीत झालेला. मधली सिसेला बोक अमेरिकेत नीतिशास्त्राची अभ्यासक म्हणून मान्यता पावलेली. धाकटी काइ जर्मनीत स्थायिक झालेली, समाजशास्त्राची अभ्यासक. अशा वेळी मातेने मागे वळून पाहावे आणि कृतार्थ व्हावे, असाच तो प्रसंग. परंतु त्याच वर्षी यान मिर्दाल यांचे 'बार्नदोम' म्हणजे 'बालपण' हे पुस्तक स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाले. आणि त्यात त्यांनी आपल्या आईचे जे चित्र काढले ते एका कोरड्या, आत्ममग्न, मुलाला प्रयोगाचा विषय समजणाऱ्या स्त्रीचे होते. ज्या स्त्रीने सबंध राष्ट्राला मुले कशी वाढवावीत हे शिकविले तिला स्वतःचा मुलगा वाढविता आला नाही, असा बोभाटा मग झाला. हा आरोप सोपा आहे आणि म्हणूनच तो टिकून राहिला. त्याचा निवाडा करण्यापूर्वी अल्वाबाईंचे आयुष्य थोडे सविस्तर पाहावयास हवे.

३१ जानेवारी १९०२ रोजी उप्साला येथे रायमर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत थोरल्या. वडील बांधकामाचे ठेके घेणारे, समाजवादी विचारांचे, सहकारी चळवळीत रमणारे. आईने क्षयाने घरातली माणसे गेलेली पाहिली होती आणि त्या रोगाची तिला एवढी दहशत बसली होती की, ती मुलांना जवळ घेऊन त्यांचा मुका म्हणून घेत नसे. सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तके घरात आणू देत नसे. न जाणो, त्यांच्या पानांतून जंतू येतील! आईची माया भीतीने गोठून जाऊ शकते, हे अल्वाबाईंनी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी घरात पाहिले होते. मातृत्व ही केवळ ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोपवून देण्याची बाब नाही, त्यामागे आरोग्य, शिक्षण, घर, उत्पन्न यांची काही व्यवस्था असावी लागते, ही त्यांची पुढील आयुष्यभराची भूमिका या अनुभवापासून फार दूरची नाही.

पुढे कुटुंब एस्किलस्टूना या गावाच्या परिसरात आले. तेथील उच्च माध्यमिक शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. अल्वा नगरपालिकेच्या करविभागात कारकुनी करू लागली. मुलीची जिद्द पाहून वडिलांनी खटपट केली आणि त्याच शाळेतील शिक्षकांकडून मुलींसाठी खाजगी वर्ग चालविण्याची सोय करून घेतली. या वर्गाची फी मुलांच्या फीच्या मानाने फारच जास्त होती. १९२२ मध्ये ती परीक्षा उत्तीर्ण झाली आणि १९२४ मध्ये स्टॉकहोम येथे तिने पदवी घेतली. त्याच वर्षी गुन्नार मिर्दाल यांच्याशी तिचा विवाह झाला. दोघांची पहिली भेट १९१९ मध्ये, गुन्नार मित्रांबरोबर सायकलवरून भटकंतीला निघाले असताना रायमरांच्या शेतावर झाली होती.

जुलै १९२७ मध्ये यानचा जन्म झाला. दोन वर्षांनी रॉकफेलर शिष्यवृत्तीवर पतिपत्नी अमेरिकेला गेली आणि दोन वर्षांच्या मुलाला गुन्नार यांच्या आईवडिलांकडे शेतावर ठेवण्यात आले. अमेरिकेत अल्वाबाईंनी ज्या विषयांचा अभ्यास केला त्यांत बालमानसशास्त्र हा एक प्रमुख विषय होता. यातील विसंगती दाखवून देण्यास फारशी बुद्धी लागत नाही, आणि ती पुढे अनेकांनी दाखविलीही. तथापि आजीआजोबांकडचा तो काळ यान यांच्या लेखी बालपणातील सर्वांत सुखाचा काळ होता, हेही त्यांच्याच लेखनावरून दिसते. दुखणे सुरू झाले ते आईवडील परत आल्यानंतर. मधल्या काळात अल्वाबाईंचे गर्भपात झाले होते, आणि आणखी मुले व्हावीत ही त्यांची तीव्र इच्छा होती.

नोव्हेंबर १९३४ मध्ये पतिपत्नींचे 'लोकसंख्येच्या प्रश्नातील पेचप्रसंग' या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात, २ डिसेंबरला, सिसेला जन्मली. स्वीडनमधील जन्मप्रमाण त्या वेळी हजारी १४ च्याही खाली उतरले होते. जगातील नीचांकांत त्याची गणना होत होती. सनातनी पक्षाचे यावर उत्तर ठरलेले होते : संततिनियमनाची साधने दडपा, स्त्रियांना नोकऱ्यांतून काढून घरी पाठवा, म्हणजे पाळणे आपोआप हलू लागतील. संततिनियमनाच्या प्रचाराला आणि साधनांच्या जाहिरातीला बंदी करणारा १९१० चा कायदा तेथे होताच. (यान मिर्दाल यांचा जन्म झाला त्याच महिन्यात मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले होते, आणि त्यापायी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. या बाबतीत प्रगत आणि अप्रगत देशांत वाटते तेवढे अंतर नव्हते.) दुसऱ्या बाजूला नवमाल्थसवादी होते. मुले कमी झाली तर कामगाराची मजुरी वाढेल, तेव्हा घटत्या जन्मप्रमाणात वाईट ते काय, असा त्यांचा युक्तिवाद असे.

मिर्दाल दांपत्याने या दोहोंहून वेगळी मांडणी केली. शेतीप्रधान कुटुंबात मूल हे लवकरच कामाला हातभार लावते आणि म्हातारपणी आधार होते; अर्थशास्त्राच्या भाषेत ती एक प्रकारची गुंतवणूक असते. औद्योगिक शहरात मूल हा निव्वळ खर्च होतो. कारखाना मजुरी देतो ती कामाच्या मोबदल्यात. खाणारी तोंडे किती आहेत हे तो पाहत नाही. परिणामी एकाच कारखान्यात एकाच वेतनावर काम करणाऱ्या दोघांपैकी ज्याला तीन मुले आहेत तो दाटीवाटीच्या खोलीत राहतो आणि ज्याला एकही नाही तो ऐसपैस राहतो. उद्याचे कामगार, करदाते आणि शिपाई मात्र पहिल्याच्या घरात वाढत असतात. म्हणजे मुलांचा लाभ सर्व समाजाला आणि खर्च फक्त आईबापांना! अशा स्थितीत लोकांनी मुले कमी केली तर तो त्यांचा स्वार्थ नव्हे. तो हिशेबच आहे. उपाय एकच : हा खर्च समाजाने वाटून घ्यावा. मोफत प्रसूती आणि आरोग्यसेवा, शाळेत मध्यान्ह भोजन, मोठ्या कुटुंबांना घरभाड्यात सवलत, बालवाड्या. आणि या सर्वांच्या जोडीला लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनाची मोकळीक, कारण मूल हवे असेल तेव्हाच व्हावे. विवाहित स्त्रीला नोकरीचा अधिकार हा त्यातील सर्वांत वादग्रस्त मुद्दा होता. नोकरी आणि मूल यांतून एकाची निवड करावयास लावाल, तर पुष्कळ स्त्रिया नोकरी निवडतील, हे त्यांनी बजावले. सुधारणेचे सर्व कार्यक्रम त्यांनी राष्ट्राच्या लोकसंख्येच्या चिंतेत गुंडाळून सनातन्यांच्या गळी उतरविले, असे म्हटल्यास ते गैर ठरणार नाही.

पुस्तक विलक्षण खपले. स्वीडिश भाषेत मिर्दाल या आडनावावरून एक थट्टेखोर क्रियापद तयार झाले, आणि त्याचा अर्थ काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. सरकारने १९३५ मध्ये लोकसंख्या आयोग नेमला. त्यावर गुन्नार होते, अल्वाबाई नव्हत्या; स्त्रियांच्या नोकरीविषयीच्या समितीचे चिटणीसपद मात्र त्यांच्याकडे होते. १९३७ मध्ये प्रसूतिसाहाय्याची योजना आली, १९३८ मध्ये १९१० चा कायदा रद्द झाला, १९३९ मध्ये लग्न किंवा बाळंतपण या कारणासाठी स्त्रीला कामावरून काढण्यास कायद्याने मनाई झाली. १९४८ पासून प्रत्येक मुलामागे वर्षाला २६० क्रोनर भत्ता सरसकट, उत्पन्नाची चौकशी न करता, आईच्या हाती देण्यात येऊ लागला. वस्तुतः रोख भत्ता अल्वाबाईंना तितकासा पसंत नव्हता. पैशापेक्षा जेवण, दूध, जागा, शाळा ही प्रत्यक्ष मुलापर्यंत पोचतात, असे त्यांचे मत होते. १९४१ च्या 'नेशन अँड फॅमिली' या इंग्रजी ग्रंथात ते त्यांनी विस्ताराने मांडले आहे.

याच विचाराला एक काळीकुट्ट बाजूही होती, आणि ती झाकण्याचे कारण नाही. ज्यांना समाज मतिमंद किंवा नालायक ठरवील त्यांनी मुले होऊ देऊ नयेत, या मताचा पुरस्कार त्या पुस्तकात होता. १९३४ च्या आणि अधिक व्यापक अशा १९४१ च्या कायद्यान्वये १९७५ पर्यंत स्वीडनमध्ये सुमारे ६३ हजार व्यक्तींची निर्बीजीकरणे झाली. त्यांत फार मोठा भरणा स्त्रियांचा होता. यांपैकी पुष्कळांची संमती दडपणाखाली घेतलेली होती. स्वीडिश सरकारने १९९९ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा केला. हे कायदे एकट्या मिर्दालांनी केले नाहीत, सर्व पक्षांचा त्यांना पाठिंबा होता, हे खरे. परंतु मातृत्व स्वेच्छेचे असावे असे सांगणाऱ्यांनी काही स्त्रियांच्या स्वेच्छेला किंमत दिली नाही, हा डाग धुऊन निघण्यासारखा नाही. यान यांच्या व्यक्तिगत तक्रारीपेक्षा हा आक्षेप कितीतरी गंभीर आहे. पण त्याचा गवगवा व्हावयास १९९७ साल उजाडावे लागले.

अल्वाबाई केवळ लिहून थांबणाऱ्या नव्हत्या. १९३५ मध्ये वास्तुशिल्पी स्वेन मार्केलिउस यांच्यासह त्यांनी कल्पिलेले सामुदायिक निवासगृह स्टॉकहोममध्ये उभे राहिले. तळमजल्यावर एकच मोठे स्वयंपाकघर, तेथून छोट्या लिफ्टने घरोघर जेवण, शिवाय पाळणाघर. १९३६ मध्ये त्यांनी बालवाडी शिक्षिकांसाठी प्रशिक्षणसंस्था काढली. त्याच वर्षी काइचा जन्म झाला. स्वतःचे घरही त्यांनी मार्केलिउस यांच्याकडूनच बांधवून घेतले. मुलांची जागा वेगळी, आईवडिलांची वेगळी, असा त्याचा आराखडा होता. यान यांना हा आराखडा म्हणजे आपल्या बालपणाचा नकाशाच वाटला. पण त्या घरात कुटुंब राहिले किती दिवस? १९३८ मध्ये अमेरिकेतील काळ्या लोकांच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी गुन्नार यांना बोलावणे आले आणि सर्वजण तिकडे गेले. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर आक्रमण करताच ती परतली. १९४१ मध्ये गुन्नार अपुरे राहिलेले काम संपविण्यासाठी पुन्हा अमेरिकेला गेले. अल्वाबाई त्यांच्यामागोमाग गेल्या. तिन्ही मुले स्वीडनमध्ये राहिली. चौदा वर्षांचा यान आणि दोन लहान मुली. मध्ये युद्धग्रस्त समुद्र होता.

अल्वाबाईंच्या आयुष्यात समर्थन करण्यास सर्वांत कठीण असा निर्णय हाच. मुलांना सोडून त्या गेल्या त्या स्वतःच्या कामासाठी नव्हे, पतीच्या कामासाठी. पतीला एकटेपण सोसवत नव्हते. म्हणजे पुढे ज्याला बेफिकीर, महत्त्वाकांक्षी स्त्रीचे वर्तन म्हटले गेले ते प्रत्यक्षात एका आज्ञाधारक पत्नीचे वर्तन होते! जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींच्या गृहिणीधर्माचे ओझे एकाच स्त्रीने उचलले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१९४७ मध्ये गुन्नार संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाचे प्रमुख म्हणून जिनीव्हास गेले. अल्वाबाई सोबत गेल्या. १९४९ मध्ये, सत्तेचाळीसाव्या वर्षी, प्रथमच त्या पतीच्या मागे न जाता स्वतःच्या कामासाठी घराबाहेर पडल्या : न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सामाजिक विभागाच्या संचालक म्हणून, नंतर पॅरिसला युनेस्कोच्या समाजशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून. मुली तेव्हा वयात येत होत्या.

त्यानंतर दिल्ली. येथे त्या भारताबरोबर ब्रह्मदेश, सिलोन आणि नेपाळ या देशांचेही काम पाहत. पंडित नेहरूंशी त्यांचा स्नेह जमला. स्वीडनमध्ये ज्यांनी पाळणे रिकामे राहू लागले म्हणून धोक्याची घंटा वाजविली होती त्यांना येथे नेमकी उलटी चिंता दिसली. परंतु त्यांच्या तर्कात फरक पडला नाही. मूल आईच्या इच्छेने व्हावे आणि झालेले मूल जगावे, या दोन गोष्टी साधल्या तर संख्या आपली आपण ठिकाणावर येते. १९५८ पासून स्वीडनने सिलोनच्या कुटुंबनियोजनाला साहाय्य देण्यास प्रारंभ केला. गुन्नार यांना आणि त्यांना १९८१ चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार संयुक्तपणे देण्यात आला.

दिल्लीच्या मुक्कामातच, १९५६ मध्ये, व्हायोला क्लाइन यांच्याबरोबर लिहिलेले 'विमेन्स टू रोल्स' हे त्यांचे पुस्तक निघाले. त्यातील गणित साधे आहे. स्त्रीचे आयुर्मान वाढले, मुलांची संख्या घटली. म्हणून लहान मुलांचे करण्यात जाणारा काळ हा तिच्या प्रौढ आयुष्याचा एक टप्पा झाला, सारे आयुष्य नव्हे. तिने आधी शिकावे व नोकरी करावी, मग काही वर्षे मुलांना द्यावीत, आणि मुले मोठी होताच पुन्हा कामावर यावे. या मांडणीत पुरुष जागच्या जागी राहतो, हे तिचे वैगुण्य. एव्हा मोबेरी या लेखिकेने १९६१ मध्ये या संपूर्ण दृष्टीवरच टीका केली : घर आणि काम या दोन भूमिका स्त्रीच्याच का म्हणून? स्वीडनने १९७४ मध्ये प्रसूतिविम्याच्या जागी पालकविमा आणला आणि बापालाही मुलासाठी सवेतन रजेचा हक्क दिला.

आपल्याकडे प्रसूतिलाभ कायदा झाला तो १९६१ चा, म्हणजे अल्वाबाईंनी दिल्ली सोडली त्याच वर्षीचा. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. पण रजेच्या वेतनाचा भार या कायद्याने मालकावरच टाकला आहे. तेव्हा मालकाने तरुण स्त्रीला नेमतानाच कचरावे यात नवल नाही. मातृत्वाचा खर्च ना कुटुंबाने, ना मालकाने, तर सर्व समाजाने सोसावा, हा १९३४ चा धडा अशा वेळी आठवतो.

१९६२ पासून १९७३ पर्यंत अल्वाबाईंनी जिनीव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत स्वीडनचे नेतृत्व केले. १९६७ मध्ये त्या मंत्री झाल्या. स्टॉकहोमची आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्था १९६६ मध्ये स्थापन होण्यामागे त्यांचे परिश्रम होते. आणि महासत्तांच्या वाटाघाटींतील ढोंग त्यांनी १९७६ मध्ये 'द गेम ऑफ डिसआर्मामेंट' या ग्रंथात उघडे केले. नोबेल मिळाले ते या कामासाठी.

आणि मग 'बार्नदोम'. मुलाने संबंध तोडल्याला त्या वेळी बरीच वर्षे लोटली होती. यान यांची राजकीय मतेही आईवडिलांच्या मध्यममार्गी समाजवादाहून फार डावी होती. (उतारवयात, २०१० मध्ये, ते बस्तरच्या जंगलात माओवाद्यांना भेटून गेले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले.) त्यांचे बालपणीचे दुःख खोटे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोन वर्षांच्या मुलाला कारणे कळत नाहीत. दार बंद झालेले तेवढे कळते. परंतु हिशेब मांडावयाचाच तर तो पुरा मांडला पाहिजे. अमेरिकेला १९२९ मध्ये दोघे गेले होते, १९४१ मध्ये आधी गेले ते वडील. वडिलांवरील राग यान यांनीही लपविलेला नाही. तरी चर्चा झाली ती अल्वाबाई कशा आई होत्या याची. 'एशियन ड्रामा'चे कर्ते कसे बाप होते, हा प्रश्न त्यांच्या ग्रंथांच्या चर्चेत कोणी सहसा आणीत नाही. बापाची गैरहजेरी हा कर्तृत्वाचा खर्च म्हणून खात्यावर मांडला जातो आणि आईची गैरहजेरी गुन्हा म्हणून. मुलाच्या दृष्टीने दोन्ही रकमा सारख्याच असतात.

शेवटच्या काळात आजाराने अल्वाबाईंची वाणी हिरावून घेतली. आयुष्यभर भाषणे आणि वाटाघाटी केलेल्या या स्त्रीला शब्द सापडेनात. चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारी १९८६ रोजी, त्यांचे निधन झाले. गुन्नार पुढल्या वर्षी मे महिन्यात गेले. १९८७ मध्ये सिसेला बोक यांनी आईचे चरित्र लिहिले. त्यात आईचा बचाव आहे, पण भाबडी भक्ती नाही; ती कोठे कमी पडली हे मुलीने स्वच्छपणे पाहिले आहे, आणि आईच्या आईपासून सुरुवात केली आहे. काइ यांचे पुस्तक १९९२ मध्ये आले. यान मिर्दाल बालपणाविषयी आणखी खंड लिहीत राहिले आणि २०२० मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, वारले.